उभं पृष्ठफळ, आडवा हिशेब

चितीला पृष्ठं किती, हा प्रश्न पुस्तकात अवघड नाही. तळाच्या बाजू मोजायच्या आणि त्यात दोन मिळवायचे. त्रिकोणी चितीला पाच, चौकोनी चितीला सहा, षटकोनीला आठ. आमच्या शेवगावात मात्र हा प्रश्न सुटता सुटत नाही. इथे पृष्ठांची संख्या तळाच्या बाजूंवरून ठरत नाही, पैसे कुणाच्या खिशातून जाणार यावरून ठरते. खोली एकच असते. घरमालकाला तिच्या चार भिंती दिसतात. रंगाऱ्याला त्याच भिंती आतून चार आणि बाहेरून चार दिसतात. शिवाय छत, सज्ज्याचा तळ, खिडक्यांच्या कडा, जिन्याखालचा तिरपा भाग आणि गच्चीच्या कठड्याची आतली बाजू, बाहेरची बाजू, वर माथा. इंजिनिअर मध्ये पडला तर तो आणखी दोन शोधून काढतो आणि त्याची फी वेगळी.

यात पुस्तकाचा दोष नाही. बालभारतीच्या नववीच्या गणित भाग दोनमध्ये ‘पृष्ठफळ व घनफळ’ हे नववं आणि शेवटचं प्रकरण आहे, आणि शेवटच्या प्रकरणाचं नशीब सगळ्या शाळांत सारखंच. वार्षिक परीक्षा तोंडावर, गॅदरिंग नुकतंच उरकलेलं, बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरची गाणी. सर फळ्यावर सूत्र लिहितात, ‘हे येतंच’ म्हणतात आणि घंटा होते. सूत्र तसं सोपं आहे. कुठल्याही सरळ चितीच्या तळाची परिमिती काढा, तिला उंचीनं गुणा, उभं पृष्ठफळ आलं. त्यात दोन्ही तळांचं क्षेत्रफळ मिळवा, एकूण पृष्ठफळ आलं. पटत नसेल तर चपलांचं खोकं घ्या, कडेनं कापा आणि जमिनीवर उलगडा. उभ्या बाजूंची एक लांब पट्टी होते. तिची लांबी म्हणजे परिमिती आणि रुंदी म्हणजे उंची. एवढं समजलं की गणित संपलं. व्यवहार तिथून सुरू होतो.

तो कसा सुरू होतो, ते दिवाळीच्या आधी महिनाभर शेवगावच्या कुठल्याही गल्लीत उभं राहिलं की ऐकायला मिळतं. रंगारी टेप ताणून उभा असतो. टेपचं दुसरं टोक घरातल्या नववीतल्या पोराच्या हातात.

‘‘मालक, बारा बाय दहाची खोली. दहाची उंची. चारी भिंती चारशे चाळीस, वरचं छत एकशे वीस. पाचशे साठ फूट धरा.’’

पोरगं वहीत मांडतं. २(१२ + १०) × १० = ४४०. बरोबर. छत १२ × १० = १२०. बरोबर. रंगाऱ्याला शाळा सोडून पंचवीस वर्षं झालेली असतात आणि त्यानं हे तोंडी केलेलं असतं. इथपर्यंत दोन्ही पक्षांचं एकमत असतं, आणि ते शेवटचं.

‘‘दार वजा करा,’’ मालक म्हणतात. ‘‘तीन बाय सात, एकवीस. खिडकी चार बाय चार, सोळा. सदतीस फूट गेले.’’

‘‘दार वजा करायचं नसतंय, मालक.’’

‘‘का बरं? दाराच्या जागी भिंत आहे का? हवेला रंग देता का तुम्ही?’’

‘‘हवेला नाय देत. पण कडा कोण रंगवणार? मीच ना?’’

मालकांना हा निव्वळ आडमुठेपणा वाटतो. पण रंगाऱ्याचं म्हणणं एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. चार बाय चारच्या खिडकीची परिमिती सोळा फूट. भिंत नऊ इंची, म्हणजे पाऊण फूट. चौकट कुठं बसली आहे ते क्षणभर विसरलं, तर त्या भोकाच्या कडांचं क्षेत्रफळ झालं सोळा गुणिले पाऊण, बारा चौरस फूट. म्हणजे खिडकीमुळे भिंतीतून सोळा फूट गेले आणि मागच्या दारानं बारा परत आले. दाराचंही तसंच. एकवीस गेले, पावणेतेरा परत. आता हाच हिशेब जुन्या गावातल्या पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या घरात करा. तिथं भिंतच दोन फूट जाड. त्याच खिडकीच्या कडा भरतात बत्तीस चौरस फूट, भोकाच्या दुप्पट. अशा घरात नवी खिडकी पाडली तर रंग कमी लागत नाही, वाढतो. जुनी माणसं खिडक्या लहान आणि मोजक्याच ठेवायची, त्याची कारणं ऊन आणि चोर ही सांगतात. मला तिसरं कारण रंगारी असावं असा संशय आहे.

हा वाद सरकारनं कधीच मिटवला आहे, फक्त तो मिटल्याची बातमी शेवगावपर्यंत आलेली नाही. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १२०० नावाचं बांधकाम मोजण्याचं मानक आहे. त्यातला प्लास्टरचा नियम वाचताना करमणूक होते. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल तर ते भोक नाहीच असं धरायचं. न्हाणीघराचा झरोका त्यामुळे कायद्यानं भिंत ठरतो. अर्ध्या ते तीन चौरस मीटरपर्यंतचं भोक, म्हणजे आपली सगळी दारं आणि खिडक्या, एका बाजूनं वजा करायचं आणि दुसऱ्या बाजूनं करायचं नाही. त्या बदल्यात कडा मोजायच्या नाहीत. तीन चौरस मीटरच्या वर गेलं की दोन्ही बाजूंनी वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. आमचे मालक आणि रंगारी यांच्यापैकी कुणीही हे मानक वाचलेलं नसतं. तरी तासभर भांडून, दोन चहा पिऊन ते नेमके तिथेच येतात. आतून वजा, बाहेरून नाही. समितीला जितकी वर्षं लागली असतील त्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्तात झालं.

दारं रंगवण्याचा भाग तर आणखी सुरस आहे. सरकारी मोजणीत नक्षीच्या चौकटींचं दार असेल तर सपाट क्षेत्रफळाला १.३० नं गुणतात, कारण खोबणीत ब्रश जातो. सरकणाऱ्या जाळीच्या गेटला १.५०. पन्हाळी पत्र्याला १.१४. म्हणजे गोठ्यावरचा पत्रा सरकारदरबारी स्वतःपेक्षा चौदा टक्के मोठा असतो. लाटांचा पत्रा जेवढी जागा झाकतो, त्यापेक्षा त्याचं पृष्ठफळ जास्त असतं. अंगात लाटा असल्या की माणसाचं बिल वाढतं, हे आम्ही राजकारणात पाहिलं होतं. पत्र्यातही तसंच असतं हे मानकानं कळलं.

या बाबतीत सगळ्यात सुखी गाव शेजारच्या नेवासा तालुक्यात आहे. शनिशिंगणापूर. तिथं घरांना दारं न लावण्याची जुनी प्रथा. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची, आणि त्याची बातमी देशभर झाली. सगळे विचारतात, तिथं चोरी कशी होत नाही? मला प्रश्न पडतो तो वेगळाच. तिथले मालक आणि रंगारी भांडतात कशावरून? दार नाही, म्हणजे १.३० गेलं. भोक मात्र जागेवरच आहे, त्यामुळे वजा करायचा हक्क शिल्लक. सगळा फायदा मालकाचा. शनिदेवांना रंगारी नवस बोलत असतील असं वाटत नाही.

रंग तरी चौरस फुटात आहे. प्लास्टर आणि सेंट्रिंग आलं की ‘ब्रास’ येतो, आणि ब्रास ही एक स्वतंत्र करामत आहे. भिंतीचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. वाळूचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तोच मिस्त्री, त्याच वहीत, एकाखाली एक लिहितो: वाळू तीन ब्रास, प्लास्टर आठ ब्रास. आणि शेवटी बेरीज मारतो. पैशांची मारतो, ब्रासांची नाही, एवढाच दिलासा. शाळेत पृष्ठफळाच्या उत्तरापुढे घनफळाचं एकक लिहिलं तर सर अर्धा गुण कापतात. बांधकामावर दोघांना एकच एकक आहे आणि कुणाची भिंत पडल्याचं ऐकिवात नाही.

वाळूचा विषय निघालाच आहे तर एक भानगड सांगून टाकतो. ओलसर वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर तिचं घनफळ वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढू शकतं, कारण प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांना दूर ढकलतात. म्हणजे डंपर भरून आलेल्या ब्रासात पाचवा-सहावा हिस्सा पृष्ठफळच असतं. गोदावरीकाठची वाळू पहाटे पहाटे का येते, याला प्रशासनाचं एक उत्तर आहे आणि भूमितीचं दुसरं. दोन्ही खरी असू शकतात.

हे सगळं आजचं, बाजारूपणाचं लक्षण आहे, पूर्वी असं नव्हतं, असं म्हणणारे एक निवृत्त गुरुजी प्रत्येक गल्लीत असतात. त्यांच्यासाठी ‘लीलावती’ काढावी लागते. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० चा. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं स्थापलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला सापडला, म्हणजे घराणं आपल्या बाजूचंच. लीलावतीत खड्डे, विटांच्या राशी, लाकूड कापणं आणि धान्याचे ढीग अशी ओळीनं व्यवहारी गणितं आहेत. त्यातलं लाकूडकामाचं, क्रकचव्यवहाराचं गणित म्हणजे थेट पृष्ठफळ. करवत्याला मजुरी लाकडाच्या घनफळावर नाही, कापलेल्या पृष्ठावर. ओंडका मुळाशी वीस अंगुळं जाड, शेंड्याशी सोळा, लांबी शंभर अंगुळं, चार ठिकाणी उभा चिरायचा. सरासरी जाडी अठरा, गुणिले शंभर, गुणिले चार, झाले ७,२००. चौरस हातात अंगुळं ५७६, त्यानं भागलं की साडेबारा. साडेबारा चौरस हात करवत चालली.

इथपर्यंत गणित. पुढं आचार्यांनी जे म्हटलं आहे ते वाचून मी त्यांना मनोमन नमस्कार केला. विटांची रास असो, खड्डा असो की करवतीचं काम, त्याचा दर मजुराशी बोलून ठरवावा, माल मऊ आहे की कठीण ते पाहून, असा त्या विवेचनाचा शेवट आहे. सूर्य-चंद्राची गती बसल्या जागी काढणाऱ्या माणसानं रंगाऱ्याच्या दरापुढे हात टेकले. सूत्र माझं, दर तुमचं तुम्ही बघा. साडेआठशे वर्षं झाली, आम्ही अजून बघतोच आहोत.

यादवकाळातल्या अशाच कुणा कारागिरांचं काम शेवगाव तालुक्यातल्या घोटणला मल्लिकार्जुनाच्या जुन्या दगडी देवळाच्या रूपानं उभं आहे. त्या धाटणीच्या देवळांचे खांब बघावेत. खाली चौकोनी चिती, वर जाता जाता अष्टकोनी, मग गोल, मग परत चौकोनी. नववीचं अख्खं प्रकरण एका दगडात. घडणाऱ्याला मजुरी पृष्ठावर मिळाली असेल तर त्यानं इतक्या बाजू का काढल्या ते कळतं.

आता शेवगावच्या क्रांती चौकात येऊ. इथं त्रिकोणी चितीचं प्रात्यक्षिक बारा महिने चालू असतं. खांबाभोवती तीन फ्लेक्स उभे केलेले. तिन्हींवर एकाच दादांचा वाढदिवस. नगरकडून येणाऱ्याला एक पृष्ठ, पैठणकडून येणाऱ्याला एक आणि तिसरं, जिकडून फारसं कुणी येत नाही तिकडचं, मित्रमंडळाच्या समाधानासाठी. फ्लेक्सवाला पैसे चौरस फुटावर घेतो आणि हा एकमेव व्यवहार असा आहे की ज्यात देणारा स्वतःहून पृष्ठफळ वाढवा म्हणतो. दोन तळ मात्र कुणी छापत नाही, कारण वरून फक्त कावळा बघतो आणि त्याला मतदान नाही. उभं पृष्ठफळ आणि एकूण पृष्ठफळ यांतला फरक मुलांना समजावून सांगायचा असेल तर वर्गात खोकी कापण्यापेक्षा त्यांना चौकात आणावं. परिमितीत मात्र घोटाळा होतो. प्रत्येक फ्लेक्सच्या कडेला शुभेच्छुकांच्या फोटोंची पट्टी असते. ती शुभेच्छुकांच्या संख्येप्रमाणे वाढत जाते आणि तिला सूत्र नाही.

शेतात गेलं की आकार तिरपे होतात आणि वाद खोल जातात. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, हे त्यातलं मोठं तळं. तळं खोदून झालं की आत प्लास्टिकचा कागद अंथरायचा, आणि तो किती लागेल यावर बांधावर परिषद भरते.

शेतकरी म्हणतो, ‘‘तीस बाय तीस. नऊशे मीटर. त्यात काय इचारायचं?’’ त्यानं फक्त तोंड मोजलं, पोट सोडून दिलं.

नववीतलं पोरगं म्हणतं, ‘‘नाना, तळ नऊशे आणि चार बाजू तीस गुणिले तीन गुणिले चार, तीनशे साठ. बाराशे साठ.’’ त्यानं सूत्र बरोबर लावलं, पण ज्या वस्तूला लावलं ती शेतात नव्हती. तळ्याच्या बाजू उभ्या नसतात, उतरत्या असतात. नाहीतर पहिल्याच पावसात काठ आत येतील.

मीटरला दीड मीटर असा उतार धरला, तर वर तीस असलेलं तळं खाली एकवीस उरतं. तळाचं क्षेत्रफळ ४४१. प्रत्येक तिरप्या बाजूची उतरण पायथागोरसला विचारली तर पाच मीटर चाळीस सेंटिमीटरच्या जरा वर. चारही बाजू मिळून साधारण ५५२. एकूण ९९३ चौरस मीटर. म्हणजे बाप ९३ नं कमी आणि पोरगं २६७ नं जास्त, आणि घराण्याची सरासरी काढली तरी उत्तर चुकतंच.

मग कागदवाला येतो. तो टेप काढत नाही. तळ्याकडे बघतो, शेतकऱ्याकडे बघतो, बांधावरच्या मोटारसायकलीकडे बघतो आणि म्हणतो, ‘‘साडेबाराशे धरा. काठावर चारी खांदून कागद पुरावा लागतो, जोड येतात, वळकुट्या पडतात.’’ काठाची चारी, जोड, वळकुट्या हे सगळं खरं असतं. फक्त त्याची बेरीज पोराच्या चुकलेल्या उत्तराच्या इतकी जवळ कशी येते, ते मला उमगलेलं नाही. पोरगं मात्र गावभर सांगत फिरतं की माझंच बरोबर होतं.

तळ्यापेक्षा कालवा सोपा. त्याची एक मोठी, लांबलचक समलंब चिती असते. वर रुंद, खाली अरुंद आणि लांबी कित्येक मैल. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण आहे, सव्वीस टीएमसीचं. त्याचा उजवा कालवा राहुरी, नेवासा करत करत शेवगाव-पाथर्डीकडे येतो. म्हणजे कालव्याच्या शेपटाला आम्ही. आमच्या भाषेत टेलचे. आता चितीच्या व्यवहारातली सगळ्यात कडू गोष्ट इथं आहे. पाणी कालव्यातून झिरपतं ते त्याच्या ओल्या पृष्ठांमधून, तळातून आणि दोन्ही बाजूंच्या उतारांतून. जितका लांब कालवा, तितकं ओलं पृष्ठफळ जास्त. वर पाणी उचलणारे वेगळे, त्यांचा उल्लेख मी शेजारधर्म म्हणून करत नाही. आवर्तन सुटलं की हेडच्या माणसाला घनफळ मिळतं. टेलच्या माणसाला पृष्ठफळ मिळतं. चारीचा तळ ओला होतो, दोन्ही कडा ओल्या होतात, पोरं चिखलात खेळतात आणि पाणी पोहोचल्याची नोंद होते.

दुसऱ्या बाजूला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली, धरण १९७६ साली पुरं झालं, आणि शेवगाव तालुक्यातल्या गावांची काळी जमीन त्याच्या पोटात गेली. पूर्ण भरला तर २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी, आणि ते पसरतं सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर. भागाकार करा. सरासरी खोली सव्वाआठ मीटर. एवढा मोठा सागर आणि सरासरीनं तीन मजली घराइतकाही खोल नाही. बाष्पीभवन वरच्या पृष्ठावरून होतं, त्याला घनफळाशी देणंघेणं नसतं. म्हणून दर उन्हाळ्यात नगर, नाशिक आणि मराठवाडा पाण्याच्या वाटपावरून एकमेकांशी भांडत असतात आणि सूर्य कुणालाही न विचारता आपला वाटा पृष्ठफळाच्या हिशेबानं घेऊन जातो. त्याच्याविरुद्ध रास्ता रोको करण्याची सोय नाही.

कांदा मात्र पृष्ठफळावरच जगतो. कांदाचाळ ही आमच्याकडची शुद्ध पंचकोनी चिती. खाली आयत, वर कौलारू त्रिकोण, एकूण सात पृष्ठं, दहा शिरोबिंदू, पंधरा कडा. सात आणि दहा सतरा, पंधरा आणि दोन सतरा. ऑयलरचं सूत्र चाळीला चोख लागू पडतं. अनुदानाचं सूत्र लागू पडेलच असं सांगता येत नाही. ते बरीच वर्षं टनाला साडेतीन हजार रुपये असं होतं, पंचवीस टनांपर्यंत. म्हणजे सरकार पैसे देणार घनफळावर. खर्च मात्र पृष्ठांवर होतो: जाळी चौरस फुटानं, पत्रा चौरस फुटानं, बांबूच्या पट्ट्या बाजूंच्या लांबीनं. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला एकदा तरी वाटतं की चाळ लांब-अरुंद करण्यापेक्षा चौरस, भरीव करावी. जाळी कमी, टन जास्त. गणित बरोबर आहे. घनाची बाजू दुप्पट केली तर पृष्ठफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. टनामागं खर्च निम्मा.

फक्त कांद्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला प्रत्येक बाजूनं वारा लागतो. म्हणून कृषी खातं सांगतं की पाखीची रुंदी चार फूट ठेवा, थर पाच फुटांच्या वर नेऊ नका. ढीग भरीव झाला की मधल्या कांद्याला पृष्ठच उरत नाही, तो तापतो, घाम धरतो आणि सडतो. मग भाव यायच्या आधी वास येतो. चाळीत जाळीवर वाचवलेले पैसे ऑगस्टमध्ये ट्रॉलीत भरून उकिरड्यावर नेताना मी लोकांना पाहिलं आहे, आणि त्या वेळी त्यांना सूत्र समजावून सांगण्याचा मोह आवरला आहे. काही प्रमेयं माणसाची तब्येत बघून सांगावीत.

पृष्ठांवरून अजिबात तंटा नाही अशी एकच जागा मला माहीत आहे, पाण्याच्या उंच टाकीखाली लटकलेलं आग्यामोहोळ. प्रत्येक घर षटकोनी चिती. सारख्या क्षेत्रफळाच्या घरांनी सपाट जागा भरायची तर षटकोनांना सगळ्यात कमी भिंत लागते, हे गणितज्ञांना फार पूर्वीपासून वाटत होतं. ते सिद्ध केलं अमेरिकेतल्या टॉमस हेल्स यांनी, १९९९ साली. त्याआधी १९६४ मध्ये हंगेरीच्या लास्लो फेयेश टोथ यांनी दाखवलं होतं की घराचा तळाचा भाग थोडा वेगळ्या तऱ्हेनं मिटवला तर मेण किंचित वाचेल. बचत अर्ध्या टक्क्याच्याही आत. मधमाश्यांनी दखल घेतली नाही. मेण त्यांचं, मजुरी त्यांची, राहणार त्याच. मालक आणि मिस्त्री एकच असला की भोकं वजा करायची की नाही यावर तासभर जात नाही.

शेवटी फ्रिजमधली चिती. शेवगावच्या बऱ्याच घरांत आता एक तरी पोरगं पुण्याहून पुढं परदेशी गेलेलं असतं आणि सुट्टीत येताना विमानतळावरून टॉब्लरोन आणतं. स्वित्झर्लंडचं, १९०८ पासूनचं त्रिकोणी चॉकलेट. आजी त्याला ‘ते शिंगाड्याचं’ म्हणते. भूमितीच्या दृष्टीनं ही घरात आलेली पहिली निर्दोष त्रिकोणी चिती. खाऊन झालं तरी खोकं शोकेसमध्ये उभं राहतं. या टॉब्लरोननं २०१६ साली ब्रिटनमध्ये मजा केली. खोकं जवळपास तेच ठेवलं आणि आतल्या दोन डोंगरांमधली दरी रुंद केली. चारशे ग्रॅमचे झाले तीनशे साठ, एकशे सत्तरचे दीडशे. बाहेरचं पृष्ठफळ कायम, आतलं घनफळ कमी. इंग्रजांनी एवढा गहजब केला की दोन वर्षांनी जुन्या दऱ्या परत आणाव्या लागल्या.

आमच्याकडे पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा गेल्या कित्येक वर्षांत असाच आतून आक्रसत आला आहे. इथं कुणी गहजब केला नाही. आम्ही पुडा हलवून बघतो, ‘वाजतोय’ म्हणतो आणि चहात बुडवतो. पृष्ठफळावर तासभर भांडणारा मालक घनफळ चोरीला गेलं तर हूं की चूं करत नाही, कारण रंगारी समोर उभा असतो आणि बिस्किटवाला नसतो.

तेव्हा यंदा घराला रंग काढणार असाल तर तीन गोष्टी आधी कागदावर लिहून घ्या: दारं-खिडक्या वजा की धरून, कठडा एका बाजूनं की दोन्ही, आणि दर एका हाताचा की दोन हातांचा. टेपचं एक टोक स्वतः धरा. नववीतल्या पोराला वहीवर बसवा, पण शेततळ्याचा कागद आणायला पाठवू नका. आणि रंगारी कडांचा मुद्दा काढेल तेव्हा वाद घालण्याआधी भिंतीची जाडी मोजा. दोन फूट भरली, तर गुपचूप पैसे द्या.